तहकूब सभा

अण्णा कॅनडात आले तेव्हा त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. नायगारा बघून झाला. टोरोंटोचा उंच टॉवर त्यांनी खालूनच पाहिला आणि "वर जाऊन काय करायचं?" म्हणाले. मॉलमध्ये त्यांचे पाय दुखायचे. आम्ही राहतो ते हार्टवेल मार्कहॅमच्या उत्तरेला तासाभराच्या ड्राइव्हवर आहे. घर परवडलं म्हणून इथं आलो आणि राहिलो. दोन चर्च, एक ग्रोसरी, एक हार्डवेअरचं दुकान, धान्याचे उंच सायलो आणि मग चारी बाजूंनी मका. गावातला फूटपाथ एका ठिकाणी एकदम संपतो आणि तिथेच दफनभूमीचं फाटक आहे. अण्णा रोज सकाळी फूटपाथ संपेपर्यंत चालायचे आणि परतायच्या आधी आत एक चक्कर मारायचे.

"लई चांगली ठेवलीय," पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले. "गवत कापलेलं, बसायला बाकडी. आपल्याकडं जिवंत माणसाला एवढी मोकळी जागा मिळत नाही."

मग एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "पद्मा, आर, दोनदा ई, व्ही, ई, म्हणजे काय गं?"

"रीव्ह. पूर्वी इथल्या खेड्यापाड्यांच्या प्रमुखाला रीव्ह म्हणायचे. सरपंचच म्हणा."

अण्णा घास हातात धरून हसले. "म्हणजे आपल्याच खात्यातले!"

अण्णा, रावसाहेब खिल्लारे, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन गावी गेले. पूर्णेकाठचं आमचं गाव. आरक्षणात सरपंचपद आमच्या वस्तीकडे आलं तेव्हा ते उभे राहिले आणि निवडून आले. पाच वर्षं सरपंच होते. त्या पाच वर्षांत ते कचेरीतल्या खुर्चीवर बसले की बाकीचे सदस्य उठायचे, चपला घालायचे आणि निघून जायचे. शिवी नाही, भांडण नाही. गणपूर्ती मोडायची, म्हणजे सभा चालवायला लागतात तेवढी माणसंच उरायची नाहीत. अण्णांचा ठराव एकच होता: गावाला एकच स्मशान, सगळ्यांसाठी. तो त्यांनी कसाबसा मंजूर करून घेतला. पत्र्याचं शेड आलं, रस्ता झाला. ऐन पावसाळ्यात माझी आजी गेली तेव्हा त्या शेडच्या तोंडाशी माणसं हातात काठ्या घेऊन उभी होती. आजीला आम्ही नाल्याच्या काठी, वर ताडपत्री धरून अग्नी दिला. ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं.

हे सगळं मी आमच्या मैत्रेयीला कधी सांगितलं नव्हतं. ती युनिव्हर्सिटीत शिकते, उन्हाळ्यात घरी असते. त्या उन्हाळ्यात आजोबांना गाडीतून फिरवायचं काम तिच्याकडे आलं आणि अण्णांनी तिला काउंटीतल्या एकूण एक दफनभूम्या पाहायला लावल्या. रविवारी मीही जायचे. अण्णांना बघायचं होतं की इथल्या पुढाऱ्यांना पुरतात कुठं. रीव्ह म्हणजे सरपंच, वॉर्डन म्हणजे आख्ख्या काउंटीचा प्रमुख, आपला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. एवढं समजल्यावर ते दगडांवरचं कोरीवकाम बोटानं चाचपत फिरायचे. नाव मोठ्यानं वाचायचे, स्वतःच्या उच्चारात. मग हात जोडून "जय भीम, साहेब" म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे.

"आजोबा, दे काण्ट हिअर यू," मैत्रेयी म्हणायची.

"ऐकू येत नसलं तर बरंच की. जिवंतपणी यांना सगळं ऐकावं लागलं असंल."

बहुतेक ठिकाणी हे लोक आपापल्या बायकामुलांत, कुणाच्याही शेजारी पडलेले असायचे. कुठे एखादा वॉर्डन मक्याच्या शेताच्या कडेला, त्याच्या बाजूला एक सुतार. अण्णांना हे फार आवडायचं. फक्त आमच्या हार्टवेलला तसं नव्हतं. इथं मागच्या उंचवट्यावर, दोन जुन्या मेपलखाली, टाउनशिपचे, म्हणजे इथल्या गावगटाचे, सगळे रीव्ह एका ओळीत होते. सुरुवातीचे दगड पांढरे, झिजलेले, नंतरचे करड्या ग्रॅनाइटचे. सगळ्यांची तोंडं फाटकाकडे, सभेला बसल्यासारखी. शेवटचा दगड ज्यांचा, त्यांच्यानंतर टाउनशिप शेजारच्या टाउनशिपमध्ये विलीन झाली आणि रीव्ह हे पदच गेलं. त्या दगडाच्या पलीकडे, कुंपणाला लागून, एक जागा रिकामी होती.

सप्टेंबरात एका सकाळी अण्णा फिरून आले ते बूट न काढताच दारात उभे राहिले.

"मला इथंच ठेवायचं," ते म्हणाले. "जाळा, आणि राख त्या ओळीत पुरा. त्या मोकळ्या जागेत."

"अण्णा, सकाळी सकाळी काय हे?"

"सरपंच होतो मी. माझी जागा सरपंचांत हाय."

*

दफनभूमीच्या मंडळाचे अध्यक्ष नॉर्मन टेट. सत्तरीचे, उंच, बोलायला सौम्य. हार्डवेअरचं दुकान त्यांचंच. पहिल्या हिवाळ्यात फावड्यानं बर्फ कसा उपसायचा, पाठ कशी सांभाळायची हे त्यांनीच मला दुकानाबाहेर येऊन दाखवलं होतं. त्यांच्याशी माझं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत. मी जागेचं विचारलं तेव्हा ते स्क्रूचे डबे लावत होते.

"ती ओळ?" ते म्हणाले. "तिथे कुणी घेत नाही."

"विकली गेलीय का?"

"नाही. मोकळी आहे."

"मग?"

त्यांनी एक डबा उगाचच फिरवून ठेवला. "तळ्याजवळचा नवा भाग छान आहे, पद्मा. बाहेरून आलेली दोन-तीन कुटुंबं तिथेच आहेत. तुमच्या वडिलांना बरं वाटेल."

"त्यांना ओळीतच हवीय."

"माझे आजोबा आहेत त्या ओळीत. शेवटचे रीव्ह," टेट म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मी स्वतः शेजारच्या काउंटीत जागा घेतलीय."

मला हे विचित्र वाटलं, पण मी जास्त विचारलं नाही. इतकी वर्षं इथं राहून मी एक शिकले होते: कुणी हसून दुसरी जागा दाखवली की थँक्यू म्हणून तिकडे बसायचं. घरी येऊन मी अण्णांना तळ्याचं कौतुक सांगितलं.

"तळ्याजवळ कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"नवीन लोक. बाहेरून आलेले."

"म्हणजे गावकुसाबाहेर," अण्णा म्हणाले आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाकडे रीतसर अर्ज केला. त्यानंतर दोनच दिवसांनी अण्णा सकाळी लवकर परतले.

"एकानं पाठ फिरवलीय," ते म्हणाले.

मी माती आणि इमारतींचा पाया यांची इंजिनिअर आहे. मार्कहॅमच्या एका कंपनीत इमारती उभ्या राहण्याआधी त्यांच्याखालची जमीन तपासणं हे माझं काम. त्यामुळे अण्णांबरोबर मी गेले ते त्यांची समजूत काढायला. ओळीतला तिसरा दगड, पांढरा, वर द्राक्षवेल कोरलेला. त्याची कोरीव बाजू फाटकाकडे असायची. आता फाटकाकडे कोरी पाठ होती. नाव पलीकडे, शेताच्या बाजूला.

"तो आधीपासून तसाच असेल, अण्णा."

पण माझ्या फोनमध्ये जूनमधला फोटो होता. अण्णा त्या दगडाला हात लावून उभे, द्राक्षवेल कॅमेऱ्याकडे, आणि मागे शेतातलं लाल कोठार. आता द्राक्षवेल बघायला मला कोठाराकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं.

मी खाली बसले. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, दगड उचलते, कलवते. फिरवत नाही, आणि सप्टेंबरात तर काहीच करत नाही. कुणी यंत्र लावून फिरवला असता तर गवत चिरडलं असतं. गवत जसंच्या तसं होतं. दगडाच्या बुडापासून खालच्या चौथऱ्यापर्यंत करड्या शेवाळाचा एक सलग पापुद्रा पसरलेला होता. असा पापुद्रा धरायला पन्नास-साठ वर्षं लागतात. सांध्यावर त्याला साधी चीरही नव्हती. मी नखानं तपासलं. मग पुन्हा तपासलं.

"काय म्हणतंय तुझं सायन्स?" अण्णांनी विचारलं.

"काही म्हणत नाही."

"मला तर सगळं कळालं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. जुना, ओळखीचा राग होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही.

मंडळाकडे नाही म्हणायला कारण नव्हतं. ऑक्टोबरात जागा अण्णांच्या नावावर झाली. त्या आठवड्यात आणखी दगड फिरले. एका दिवशी दोन, मग एक, मग बरेच. कुणाला ते दिसत नव्हतं असं नाही. कुत्रा फिरवायला येणारी माणसं उंचवट्याकडची वाट सोडून तळ्याकडून जायला लागली. टेटना मी एकदा बळेच तिथे घेऊन गेले. ते त्यांच्या आजोबांच्या दगडासमोर उभे राहिले. समोर गुळगुळीत ग्रॅनाइट होता, एक अक्षर नाही.

"हे नेहमीच असे होते," ते म्हणाले.

"मिस्टर टेट, माझ्याकडे फोटो आहे."

"प्लीज," ते म्हणाले. "मला दाखवू नका."

*

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला, नुसता भुरभुरता, गवताची टोकं वर दिसत राहतील एवढाच. दुपारी मी घरूनच काम करत होते. खिडकीतून पाहिलं तर अण्णा गराजमधली घडीची खुर्ची काखेत मारून रस्त्यानं चाललेले. डोक्याला माकडटोपी, त्यावर माझ्या जॅकेटचं हूड. मी गाडी काढली.

मी पोचले तोवर त्यांनी खुर्ची मांडली होती, स्वतःच्या जागेत. सगळी ओळ आता पाठमोरी होती. एकही नाव दिसत नव्हतं. वारा पडलेला, मेपल नागडे, आकाश खाली आलेलं.

"अण्णा, घरी चला. उणे सहा आहे."

"थांब. बैठक हाय."

त्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं, मराठीत, कचेरीत वाचायचे त्या आवाजात. "आज रोजी सभा बोलावण्यात आली हाय. अध्यक्षस्थानी रावसाहेब खिल्लारे. विषय एकच. सदर ओळीतली जागा रावसाहेब खिल्लारे यांना द्यावी की कसं. सदस्यांनी मत मांडावं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेवढ्यात वास आला. ओल्या लोकरीचा, पाइपच्या तंबाखूचा, रॉकेलच्या दिव्याचा. उघड्या माळावर तो बंद खोलीतल्यासारखा दाट होता.

मग आवाज. लाकडी बाक फळ्यांवरून मागे सरकल्याचा. एक, मग लागोपाठ बरेच. जड बुटांची पावलं, फळ्यांवरच. कुणीतरी खोकलं. पावलं आमच्या उजव्या बाजूनं गेली आणि कुठल्या तरी दाराची कडी वाजली. आमच्या उजव्या बाजूला बर्फाचा कोरा थर होता आणि त्यापलीकडे कापलेला मका.

अण्णांनी मान हलवली, जुन्या माणसाची भेट झाल्यासारखी.

"बघ. उठले," ते म्हणाले. "हा आवाज मी झोपेत पण ओळखतो. गणपूर्ती मोडायला उठले."

"अण्णा, चला."

"अगं, नियम हाय एक." ते उभे राहिले आणि त्या पाठींना उद्देशून मोठ्यानं बोलले. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब! तहकूब सभा याच जागी परत भरंल. आणि परत भरलेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही! तुम्ही बसा नाहीतर जा." मग माझ्याकडे वळून, हळूच, "गावात हे कलम मला फार उशिरा सापडलं. तवर मुदत संपली होती."

त्यांनी खुर्ची मिटली. गाडीत बसल्यावर मी हीटर वाढवला.

फेब्रुवारीत अण्णा गेले. हृदय थकलं होतं. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी मी एकटीच जवळ होते. प्रीतम, माझा नवरा, मिसिसागाहून कामावरून निघाला होता, वाटेत बर्फात अडकला होता. अण्णांनी डोळे उघडले, मला ओळखलं.

"तारीख तूच ठरव," ते म्हणाले.

कशाची, हे मी विचारलं नाही.

*

इकडे हिवाळ्यात जमीन खोदत नाहीत. अस्थिकलश आमच्या बसायच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीशेजारी राहिला. मे महिन्यात शनिवार ठरला. आंबेडकर असोसिएशनची मंडळी मार्कहॅम-मिसिसागाहून येणार होती. गुरुवारी टेटचा फोन आला.

"खड्डा होत नाहीये," ते म्हणाले. "जमीन गोठलेली आहे."

"मे महिन्यात?"

"मला माहीत आहे, पद्मा. तळ्याजवळ मी उद्याच तयार करून देतो. कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

दोष. हाच शब्द त्यांनी वापरला. मी ऑफिसमधली लोखंडी सळई घेऊन गेले. टेटच्या आजोबांच्या दगडापुढे ती वीतभर सहज आत गेली. माती काळी, ओली, गांडुळांनी भरलेली. अण्णांच्या जागेत सळई टणकन वाजली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. हात टेकवला तर तळवा चिकटला. वर डँडेलियनची पिवळी फुलं फुललेली होती आणि पाकळ्यांखाली जमीन लोखंडासारखी.

मी घाबरले. ते लपवण्यात अर्थ नाही. गाडीत बसून मी तळ्याकडे पाहत राहिले. पाणी चमकत होतं, बाकडी नवी होती. शनिवारी लोक येतील, वंदना होईल, समोसे-चहा होईल. कुणाला कळणारही नाही. मग मला माझ्या हातातलं ताडपत्रीचं टोक आठवलं. त्याच्यावरून कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी आठवलं. आणि मला एवढा राग आला की भीतीला जागाच उरली नाही.

शुक्रवारी दुपारी मी मैत्रेयीला घेऊन गेले. कुदळ, पहार, आणि बुद्धजयंतीला चहासाठी वापरतो ते असोसिएशनचे दोन मोठे थर्मास, उकळत्या पाण्यानं भरलेले. कलशही बरोबर घेतला. त्याला घरी एकटं ठेववेना.

वाटेत मी तिला सगळं सांगितलं. आजीचं, शेडचं, काठ्यांचं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"व्हाय डिड यू नेव्हर टेल मी?"

"तुला इथं ते लागणार नाही असं वाटलं."

फाटकाशी टेट उभे होते. त्यांनी आम्हाला अडवलं नाही. आतही आले नाहीत.

ऊन होतं. कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. आम्ही पाणी ओतलं, वाफ उठली आणि मी पहार घातली. कपची उडाली, काचेसारखी. पुन्हा पाणी, पुन्हा पहार. जागा अरुंद होती. कुंपणाची तार मैत्रेयीच्या हाताला टोचत होती, तरी ती कुदळ मारत राहिली. तिच्या तळहाताला फोड आले आणि फुटले.

मग ट्रॅक्टर ऐकू येईनासा झाला.

ओली लोकर. तंबाखू. रॉकेल.

"मॉम," मैत्रेयी म्हणाली. "हू इज टॉकिंग?"

आमच्या मागे, ओळीत, कुजबुज चालली होती. शब्द कळत नव्हते. सूर कळत होता. असा सूर मी लहानपणापासून ऐकलेला आहे, पाणवठ्यावर, वर्गात, आणि नंतर कितीतरी स्वच्छ, गरम, कार्पेट घातलेल्या खोल्यांत.

"खोद," मी म्हणाले. "मागे बघू नकोस."

बाक सरकला. फळ्यांवर बूट वाजले. या खेपेला पावलं दाराकडे गेली नाहीत. ती आमच्याकडे आली.

मानेवर गार श्वास लागला.

मी पहार दोन्ही हातांनी उचलली आणि सगळा भार टाकून खाली मारली. जमीन फुटली. आतून काळी, मऊ माती वर आली, तिचा नांगरटीसारखा वास आला.

मी उभी राहिले. पाठमोरीच. आणि माझ्या तोंडून अण्णांचाच सूर निघाला.

"तहकूब सभा सुरू झाली. विषय एकच. रावसाहेब खिल्लारे, माजी सरपंच, यांना या ओळीत जागा. ठराव मी मांडते."

"आय सेकंड इट," मैत्रेयी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता.

"ज्यांचा विरोध असेल त्यांनी समोर येऊन सांगावं. पाठ फिरवून दिलेलं मत धरलं जाणार नाही."

कुजबुज थांबली.

वाराही थांबला. मेपलची पानं स्थिर.

मी कलश उचलला, गुडघे टेकून खाली ठेवला. आम्ही दोघींनी हातांनी माती लोटली. बुद्धं सरणं गच्छामि म्हणताना मैत्रेयी दोनदा चुकली, आम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. संघं सरणं गच्छामि झालं तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज परत आला होता.

मग मी मागे वळले.

सगळे दगड फिरले होते. फाटकाकडे नाही. ओळ वाकलेली नव्हती, एकही दगड जागचा हलला नव्हता, पण प्रत्येकाची कोरीव बाजू तिरकी होऊन आमच्याकडे, त्या ताज्या मातीकडे होती. सगळी नावं एकाच वेळी वाचता येत होती.

समोर येऊन सांगा, असं मी म्हटलं होतं. ते समोर आले होते.

होकार द्यायला की नकार द्यायला, ते मला आजही ठाऊक नाही. मी कुदळ खांद्यावर टाकली आणि त्या ओळीसमोरून, प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा भिडवावा तशी, सावकाश चालत गेले. मैत्रेयी माझ्या शेजारून. फाटकाशी टेट टोपी काढून उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आय ॲम सॉरी," एवढंच ते म्हणाले. शनिवारी सगळी मंडळी आली. कुणीतरी म्हणालं, दगड किती छान इकडे तोंड करून मांडलेत.

*

ऑगस्टमध्ये अण्णांचा दगड बसला. मराठीत आणि इंग्रजीत नाव, खाली सरपंच, आणि गाव. कोरणारा सरपंचमधला अनुस्वार विसरला होता, तो मी त्याला पुन्हा बोलावून कोरून घेतला.

त्याच महिन्यात मी काउन्सिलच्या निवडणुकीसाठी अर्ज भरला. प्रीतमला वाटलं, दुःखाच्या भरात करतेय. "अगं, आपल्याला इथं कोण मत देणार? मक्याला मताधिकार आहे का?" मी दारोदार फिरले. लोक सभ्य होते. बरेचसे दार अर्धंच उघडायचे. मी अर्ध्या दारातून पूर्ण बोलायचे, आणि जाताना परत येईन म्हणायचे, आणि यायचे. टेटनी दुकानाच्या काचेत माझी पाटी लावायला होकार दिला. लावून झाल्यावर ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही निवडून याल," ते म्हणाले. त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी निवडून आले, थोडक्या मतांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना सांगायला गेले. आदल्या रात्री कडक दंव पडलं होतं. सगळं गवत पांढरं, बुटाखाली कुरकुरत होतं. मी दगडावर हात ठेवून म्हणाले, "अण्णा, खुर्ची मिळाली. आता कोण उठतंय बघते."

हसू आलं म्हणून मी बाजूला पाहिलं, आणि कुंपण मला लांब दिसलं.

अण्णांचा दगड बसवताना कारागीर कुंपणाला अंग घासत काम करत होता, इतकं ते जवळ होतं. आता दगड आणि कुंपण यांच्यामध्ये एका माणसाची जागा होती. खांब जुनेच, गंजलेले, बुडाशी वाळलेली रानवेल गुंडाळलेली. कुणी काही हलवल्याची खूण नव्हती. त्या जागेतलं गवत मात्र नुकतंच, नीट कापलेलं होतं.

मी तिथे जाऊन उभी राहिले. परत फिरणार नव्हतेच. खाली वाकून हात टेकवला.

चहूकडे दंव होतं, आणि तेवढीच जमीन कोमट होती.